'पर्सेंटाइल' पडतात की असतात?

पालकसभेत एक वडील म्हणाले, "सर, सीईटीला पोरीला पंच्याण्णव टक्के पडले." होते 95 पर्सेंटाइल. दुरुस्त करायला गेलो, तर मराठी शब्दच आठवेना. 'शततमक' म्हटलं, तर ते म्हणाले, "म्हणजे?" सोपा शब्द आहे का?

— संख्याशास्त्रात शततमकच. चतुर्थक, दशमक ही त्याचीच भावंडं. 'शेकडेवारी' मात्र नको, ती टक्केवारीचीच बहीण.

— माझ्या मते घोळ नामाचा नाही, क्रियापदाचा आहे. मार्क पडतात, टक्के पडतात. त्याच सवयीने पर्सेंटाइलही 'पडले' म्हणतो. पण ती कमाई नाही, रांगेतली जागा आहे. आमच्या 40 जणांच्या वर्गात घटक चाचणीत एकीला 20 पैकी 12. टक्के 60. पण पेपर इतका अवघड की तिला धरून 36 जण 12 किंवा त्याखाली. म्हणजे ती 90 व्या शततमकावर. उद्या सोप्या पेपरात 18 मिळवूनही ती खाली घसरू शकते. मी 'वर आहे' म्हणतो, 'मिळाले' म्हणत नाही. (टक्केटोणप्यांतला टक्का निराळा, पण निकालाच्या दिवशी दोन्ही एकदम खावे लागतात.)

— 'सरासरी'चीही तीच गत. एका गटाचे गुण 18, 17, 17, 16, 2. सरासरी 14. मुख्याध्यापक म्हणाले, "गट मध्यम दिसतो." अहो, 14 च्या जवळपास एक तरी पोर आहे का? मध्यक, म्हणजे गुण क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा, 17. चौघं उत्तम, आणि ज्याला 2 पडले त्याच्याशी बोलायला हवं. दहावीच्या पुस्तकात मध्य, मध्यक, बहुलक आपणच शिकवतो आणि निकालपत्रक करताना विसरतो.

— आणि निकाल 80 टक्क्यांवरून 84 वर गेला, तर 'चार टक्क्यांनी वाढला' लिहू नका. वाढ 5 टक्के, फरक 4 टक्केबिंदूंचा.

— 'टक्केबिंदू' अहवालात ठीक, पालकसभेत कोण बोलणार?

मूळ प्रश्नकर्ता: त्या वडिलांना आज फोनवर सांगितलं, "शंभरातले पंच्याण्णव जण तुमच्या पोरीच्या बरोबरीला किंवा मागे आहेत." लगेच कळलं. लगेच पुढचा प्रश्न आला, "मग सर, मार्क किती पडले?"