नाताळची भेट वापरलेली असली तर चालते का?

शेवंती_वसई
यंदा आमच्या घरी नाताळसाठी 5,000 रुपये बाजूला ठेवता आले आहेत. यजमानांच्या कारखान्यातील रात्रपाळी सप्टेंबरपासून बंद झाली आणि त्या पाळीच्या जादा पैशांवरच आमचा सण होत असे. याच रकमेत मुलांचे कपडे, फराळ, गव्हाणीचे (येशूजन्माच्या देखाव्याचे) दिवे आणि भेटी बसवायच्या आहेत. सात वर्षांच्या मुलाला सायकल हवी आहे. दुकानात वीस इंची नवी सायकल 6,000 रुपयांच्या खाली मिळेना, म्हणून स्टेशनजवळच्या एका सोसायटीत, तेथील मुलाला लहान पडू लागलेली सायकल 1,500 रुपयांना घेतली. ब्रेकचे रबर आणि मागची ट्यूब बदलायला आणखी 350 रुपये लागले. अकरा वर्षांच्या मुलीसाठी फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरून सहा पुस्तके 400 रुपयांत आणली. हे कळल्यावर नणंदबाई म्हणाल्या, "सणाला उतरलेलं देऊ नये. त्यापेक्षा काहीच देऊ नका." मला यात काही गैर वाटत नाही, पण तेव्हापासून मन खट्टू झाले आहे. आपले मत स्पष्ट सांगावे. सायकल जुनी आहे हे मुलाला सांगावे की नाही, हेही सांगावे.

आगाशीचा_काका
ताई, राग मानू नका, पण तुमच्या नणंदबाईंचे म्हणणे मला पटते. गरज भागवणे वेगळे आणि भेट देणे वेगळे. हीच सायकल तुम्ही जूनमध्ये घेतली असती तर कोणीही नाक मुरडले नसते, मात्र मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात मुले एकमेकांना "तुला काय मिळालं?" असे विचारू लागतात, तेव्हा खरचटलेले पेडल सगळ्यांत आधी त्यांच्याच नजरेला पडते. 200 रुपयांचा नवा चेंडू द्यावा आणि सायकल जानेवारीत गाजावाजा न करता घरी आणावी.

गोधडीवाली
काकांच्या प्रतिसादातील "गाजावाजा न करता" हे शब्द मला खटकले. नाताळपूर्वीच्या आगमनकाळात आपल्या धर्मग्रामात, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीत, गरिबांसाठी वस्तू गोळा होतात, तेव्हा आपणच मुलांची जुनी खेळणी धुऊन-पुसून त्या खोक्यात ठेवतो आणि ती मिळालेले मूल आनंदाने उड्या मारेल असे गृहीत धरतो. दुसऱ्याच्या मुलाला जी वस्तू भेट म्हणून शोभते, ती आपल्या मुलाच्या हातात पडताच उतरलेली कशी होते? आपल्याकडे तान्ह्या बाळाला नव्या कडक कापडात गुंडाळत नाहीत. आजीचे धुऊन मऊ झालेले सुती लुगडे फाडून त्याची दुपटी करतात आणि ते दारिद्र्याचे लक्षण आहे असे कोणी म्हणत नाही. गव्हाणीतील पुतळे तरी दरवर्षी नवे कोण घेतो? आमच्या एका मेंढराचा कान मी शाळेत असताना तुटला. वडिलांनी तो मेणाने चिकटवला होता, आणि आता माझी मुले गव्हाणी मांडताना सर्वांत आधी तेच मेंढरू शोधतात. मुलाला सायकलची सगळी हकीकत सांगा, असे माझे मत आहे.

तिसरी_लेक
हे सारे मोठ्यांच्या बाजूने लिहिले जात आहे, म्हणून मी लहानपणी ज्या बाजूला होते तिथून लिहिते. आम्ही तिघी बहिणी, आणि कपडे मावसबहिणींकडून येत. मी नऊ वर्षांची असताना नाताळला मला गुलाबी झालरीचा फ्रॉक मिळाला. आईने तो इस्त्री करून, नव्या कागदात बांधून दिला होता आणि मी तो नवाच समजत होते. दुपारी पाहुणे आले. मावसबहिणीने सगळ्यांसमोर झालर उलटी करून आतला शाईचा डाग दाखवला आणि म्हणाली, "हा माझा आहे." तो डाग कुठे आहे हे तिला ठाऊक होते. मला फ्रॉक जुना असल्याचे दुःख झाले नाही. आईला ते माहीत होते आणि मला नव्हते, हे लागले. त्यामुळे मी विरोधातच आहे, निदान ओळखीच्या घरातून घेतलेल्या वस्तूंच्या तरी. सोसायटीतला तो मुलगा तुमच्या मुलाच्या शाळेत आहे का, हे आधी पाहा.

नाशिकचा_मास्तर
मी अर्थशास्त्र शिकवतो. जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी 1993 साली नाताळच्या भेटींवर एक निबंध प्रसिद्ध केला होता. घेणाऱ्याला वाटणारे भेटीचे मोल हे देणाऱ्याने मोजलेल्या पैशांपेक्षा एक दशांश ते एक तृतीयांशाने कमी असते, असा त्यांचा अंदाज होता. मुलाने स्वतः मागितलेली सायकल 1,850 रुपयांत मिळत असेल, तर या हिशेबात ताईंचे काहीच वाया जात नाही.

आगाशीचा_काका
मास्तर, त्याच निबंधात भावनिक मोल वगळून उत्तर द्यावे असे विचारले होते, हेही सांगा की. आमचा वाद नेमका त्या वगळलेल्या भागावर चालला आहे.

पाना_पक्कड
वाद चालू द्या, पण वस्तू तपासून घ्या. आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआय चिन्ह 1 जानेवारी 2021 पासून सक्तीचे झाले, त्यामुळे त्याआधीच्या खेळण्यावर ते असेलच असे नाही. घरगुती रंगांतील शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. रंग उडालेली जुनी लाकडी खेळणी तोंडात घालण्याच्या वयाच्या मुलांना देऊच नयेत. सायकलचे म्हणाल, तर साखळी ढिली आहे का आणि हँडलचा नट घट्ट बसतो का, एवढे पाहा. हेल्मेट मात्र वापरलेले घेऊ नका, कारण एकदा आपटलेल्या हेल्मेटचा आतला फोम दबलेला असतो आणि ते बाहेरून कळत नाही.

शेवंती_वसई
सर्वांचे आभार. तिसरी_लेक, तुमचा प्रतिसाद वाचून मी सोसायटीत फोन केला. तो मुलगा दुसऱ्या शाळेत आहे, पण त्याच्या आईकडून आणखी एक गोष्ट कळली: सीटखाली त्याने स्वतःचे नाव खिळ्याने कोरले आहे. यजमान ते घासून काढायला निघाले होते, मी थांबवले. काका, चेंडू घेण्याऐवजी मी 80 रुपयांची नवी घंटी घेतली आहे. तेवढीच वस्तू कागदात बांधून झाडाखाली ठेवीन आणि बाकीची सायकल अंगणात उघडी उभी असेल. ती कोणाची होती हे मुलाला त्या आधीच, फराळ करायला बसू तेव्हा सांगणार आहे. नणंदबाईंना अजून पटलेले नाही. हेल्मेटचे पैसे कुठून काढायचे, ते मात्र अजून ठरत नाही.