हाताने लिहिलेल्या पत्राला नेमका शब्द कोणता?

घरातली जुनी पत्रं स्कॅन करून ठेवतेय आणि फोल्डरला नाव देताना अडले. नुसतं 'पत्रं' म्हटलं तर त्यात टाईप केलेली, ऑफिसची, बँकेची सगळीच येतात. 'हस्तलिखित पत्रे' असं लिहून बघितलं पण ते मला खटकतं, हस्तलिखित म्हटलं की पोथी नाहीतर कॉलेजचा हस्तलिखित अंक आठवतो. पूर्वी हा प्रश्नच नव्हता, पत्र म्हणजे हातानेच लिहिलेलं, आता ईमेल आणि व्हॉट्सॲपमुळे साध्या पत्राला विशेषण लावायची वेळ आली याचं खरंच वाईट वाटतं. यासाठी मराठीत आधीपासून एखादा शब्द आहे का? आणि बऱ्याच पत्रांच्या शेवटी 'लेखनसीमा' लिहिलंय, ते नक्की काय?

---

शब्द आहे, आणि तो आपण रोज चुकीच्या नाही पण वेगळ्या अर्थाने वापरतो: दस्तुरखुद्द. आज 'दस्तुरखुद्द मंत्रीच आले' म्हणजे स्वतः जातीने आले असं आपण म्हणतो, पण मुळात दस्तुर म्हणजे हाताचं अक्षर आणि खुद्द म्हणजे स्वतःचं. जुन्या काळी दरबारी पत्र बहुतेक वेळा कारकून लिहायचा, मोडीत, बोरूने, म्हणून मालकाने स्वतःच्या हाताने काही लिहिलं तर त्याला वेगळी किंमत होती आणि ते दस्तुरखुद्द आहे असं सांगावं लागायचं. म्हणजे बघा, तुम्हाला आज जो फरक दाखवायचाय तोच तेव्हाही दाखवायचा होता, फक्त तेव्हा समोर कारकून होता आणि आता कीबोर्ड आहे. पुढे शब्दातलं अक्षर गळून गेलं आणि नुसता माणूस उरला.

लेखनसीमा म्हणजे लिहिणं इथे संपलं, याच्या खाली जे असेल ते माझं नाही. कागदावर जागा उरली की कोणीही दोन ओळी घुसडू शकतो, म्हणून शेवट बांधून टाकायची पद्धत. मोर्तब पण त्याच कामाचं. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर वर 'प्रतिपच्चंद्रलेखेव' ही मुद्रा असते आणि मजकूर संपला की 'मर्यादेयं विराजते' हे छोटं मोर्तब, मर्यादा म्हणजे इथेही सीमाच. वरचा शिक्का आणि खालचं मोर्तब मिळून आपलं शिक्कामोर्तब झालं, जे आता फक्त बातम्यांत निर्णयांवर होतं.

---

वा, दस्तुरखुद्दचं हे माहीत नव्हतं! पण फोल्डरला ते नाव दिलं तर घरात कोणाला कळणार नाही असं वाटतं. मी तरी 'हातची पत्रं' म्हणेन, आईच्या हातचं, आजोबांच्या हातचं, कोणी लिहिलंय ते पण त्यात येतं.

एक विनंती, 'हस्ताक्षर' शब्द सहीसाठी वापरू नका. मराठीत हस्ताक्षर म्हणजे अक्षराचं वळण, सहीला सही किंवा स्वाक्षरी आहे. हिंदीमुळे आता फॉर्मवर पण 'इथे हस्ताक्षर करा' दिसतं आणि मग 'तिचं हस्ताक्षर सुंदर होतं' या वाक्यात नक्की काय सुंदर होतं तेच कळेनासं होतं.

---

पावती हा पण पत्रातलाच शब्द. 'आपले पत्र पावले, मजकूर समजला' यातलं जे पावणं, म्हणजे मिळणं, पोचणं, त्याची पावती. आता पैसे भरल्यावरच मिळते ती. आणि 'पोच' तर किती छान होता, 'पत्राची पोच द्यावी', आता निळ्या टिका आपोआप पोच देतात त्यामुळे समोरच्याने दोन ओळी लिहायचं कारणच राहिलं नाही. उलटटपाली पण गेला, 'उलटटपाली कळवावे' यात घाई होती तरी मधे काही दिवस जाणार हे दोघांनाही मान्य असायचं.

---

मायन्याबद्दल कोणीच काही बोललं नाही म्हणून लिहिते. मायना हा अरबी मअनावरून आला, तिथे त्याचा अर्थ 'अर्थ', आपल्याकडे पत्राची सुरुवात. आई-वडिलांना तीर्थरूप, इतर मोठ्यांना तीर्थस्वरूप, लहानांना चिरंजीव, मग शि. सा. न. किंवा स. न. वि. वि., मायना वाचूनच कोण कोणाला लिहितंय हे कळायचं. स्कॅन करताना प्लीज मायना क्रॉप करू नका, नाव-सही फाटली असेल तर नातं ओळखायला तोच उपयोगी पडतो. आणि ता. क. सुद्धा ठेवा. ताजा कलम, म्हणजे पत्र संपल्यावर परत हातात घेतलेली लेखणी, कित्येकदा खरी गोष्ट तिथेच असते, वर सगळी ख्यालीखुशाली आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात 'बाबांची तब्येत जरा बरी नाही, जमल्यास येऊन जा'. मेसेजमधे ता. क. लागतच नाही, पुढचा मेसेज टाकला की झालं.

---

खूप धन्यवाद सगळ्यांना. फोल्डरला 'हातची पत्रं' नाव दिलं आणि आत लिहिणाऱ्याप्रमाणे वेगळे फोल्डर केलेत. अजून एक अडलंय, एका पत्रात 'रा. रा.' असं दोनदा आहे, ते राजश्री राजश्री का?

---

नाही, राजमान्य राजश्री.