'होम', 'झिरो' की 'आरंभबिंदू'?

कुपवाडकर: सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकाच्या हुकमानं लाकूड कापणाऱ्या मशीनवर, नवख्या पोरांसाठी मराठी तक्ता करतोय. 'मशीन झिरो' आणि 'वर्क झिरो' दोन्हींना 'शून्य' लिहिलं, तर मालकांनी हरकत घेतली. रास्त आहे. होमिंगला अक्ष लिमिट स्विचपर्यंत जातात, तेव्हा मशीनला स्वतःची जागा कळते. जॉबचा झिरो वेगळाच, प्लायच्या कोपऱ्यावर बिट (कापायचं फिरतं हत्यार) नेऊन जी ५४ मध्ये, म्हणजे कंट्रोलरमधल्या जॉबच्या झिरोच्या नोंदीत, भरलेला. शब्द सुचवा.

शब्दवेडी: आरंभबिंदू. शाळेच्या भूमितीतला आहे, आयटीआयच्या मुलांना नवा नाही.

मिरजेचा फिटर: ताई, शब्द चांगलाय, पण मशीनपाशी कुणी 'आरंभबिंदू घे' म्हणत नाही. 'झिरो घे' म्हणतात. तक्त्यावर नावं नकोत, कामं लिहा. आधी होमला पाठव. मग कोपऱ्यावर एक्स-वाय झिरो घे. स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) बंद ठेवून बिटखाली कागद सरकवत राहा, झेड ०.१ मिमीच्या टप्प्यानं खाली आण. कागद अडायला लागला की झेड झिरो घे. बिट बदलला तर एक्स-वायला हात लावायचा नाही, झेड मात्र परत घ्यायचा. नवा बिट लांब बसला असेल तर तेवढाच जास्त खोल जातो नि बेडमध्ये घुसतो. लाईट जाऊन आली की परत होम. जी ५४ चे आकडे कंट्रोलरमध्ये राहतात, पण आपण कुठं उभे आहोत हे मशीनला ठाऊक नसतं.

कृष्णाकाठ: आणि झिरो परका कसा? आपल्या शून्याचं अरबीत सिफ्र झालं, तिथून फिरत झिरो आला.

शब्दवेडी: ते मान्य. पण 'होम' म्हणजे मराठीत हवन! 'ठाण' घ्या, 'ठाणावर ने'.

मिरजेचा फिटर: बटणावर 'होम' छापलंय. तक्त्यावर ठाण लिहिलं तर पोरगं ते बटण शोधत बसेल.

शब्दवेडी: मग बटणावरच मराठी पट्टी चिकटवा. शब्द वापरल्याशिवाय रुळणार कसा?

कुपवाडकर: बिटच्या जाडीनं जेवढं कापलं जातं, त्यालाही शब्द सांगा. ६ मिमीचा बिट रेषेवरूनच फिरवला की १०० चा चौकोन ९४ भरतो, आतलं १०० चं भोक १०६ होतं. रेषेच्या बाहेरून की आतून, हे पोरं हमखास चुकतात.

कृष्णाकाठ: 'काप' लिहा.

शब्दवेडी: काप म्हणजे कापलेला तुकडाही. 'बिटजाडी' बरं.

मिरजेचा फिटर: उद्या हाच तक्ता पत्रा कापायच्या प्लाझ्मा मशीनवर लागला तर? तिथं बिट नाहीच. अँपिअर, वेग, नोझलची झीज, सगळ्यानं रुंदी बदलते. 'कापाची रुंदी' लिहा.