पाण्यावरची खोली हवी आहे, ठाण्याहून दोन रात्रींत जाऊन येण्यासारखी. सुचवा!

खाडीकाठची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरात आमच्या लग्नाचा वाढदिवस येतोय. घोडबंदर रोडला राहतो, दोघांच्याही नोकऱ्या, लेक शाळकरी. सासूबाई स्वतःहून म्हणाल्या, "दोन रात्री मी नातीला बघते, तुम्ही दोघं जाऊन या." एवढी संधी वाया घालवायची नाहीये.

नवऱ्याला मालदीवच्या त्या पाण्यात खांबांवर उभ्या असलेल्या व्हिलांचं फार वेड आहे. तेवढी सुट्टी नाही आणि तो खर्च यंदा झेपणारही नाही. म्हणून आपल्या आसपास त्यातल्या त्यात जवळ जाणारं काही आहे का, हे विचारतेय. पाणी खोलीच्या इतकं जवळ हवं की डोळे उघडल्यावर आधी तेच दिसावं. शांतता हवी, डीजे अजिबात नको. रात्रीचे आठ-दहा हजारांपर्यंत जाऊ शकतो, जागा खरंच तशी असेल तर थोडे जास्तही. आणि एक कळकळीची अट आहे. 'इको' हा शब्द फक्त पाटीवर नको. आमच्या आनंदासाठी कुणाचं तळं नासलेलं मला चालणार नाही.

शुक्रवारी निघून रविवारी रात्री घरी. अलिबाग-काशीदकडे समुद्रात अशा खोल्या आहेत का? शोधून सापडल्या नाहीत.

ऐरोलीकर

ताई, समुद्रात सापडणार नाहीत, आणि त्याचं कारण आपल्या भरती-ओहोटीत आहे.

मालदीवची बेटं प्रवाळाची. भोवती उथळ, संथ लगून असतं आणि तिथे भरती-ओहोटीत पाण्याची पातळी जेमतेम मीटरभर हलते. त्यामुळे खोलीखालचं पाणी दिवसभर तिथेच राहतं. मुळात ही कल्पना १९६७ साली फ्रेंच पॉलिनेशियातल्या रायातेया बेटावर प्रत्यक्षात आली. तिथल्या हॉटेलला वाळूचा किनाराच नव्हता, म्हणून मालकांनी खोल्या थेट लगूनवर बांधल्या.

आपल्याकडे उधाणाच्या दिवसांत भरतीचं पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं आणि सहा तासांत पार ओसरतं. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून फ्लेमिंगो बघायला बोट सुटते, तिच्या वेळा रोज बदलतात त्या यामुळेच. भरती असेल तर बोट हलते. ओहोटीला त्याच धक्क्यावर उभं राहून बघा. पाण्याच्या जागी काळाभोर, चकचकीत चिखल, त्यावर टणाटण उड्या मारणारे निवटे (चिखलातले मासे) आणि बाजूला तिवरांची श्वासमुळं खिळ्यांसारखी वर आलेली. मला तो चिखल अतिशय प्रिय आहे, फ्लेमिंगोंचं सगळं पोट त्यावरच चालतं. पण त्यावर खांब रोवून व्हिला बांधला तर अर्धा दिवस खोलीखाली चिखलच असणार. आणि सीआरझेडच्या (किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या) नियमांमुळे भरतीरेषेच्या आत असं बांधकाम करताही येत नाही, ते बरंच आहे. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे.

तेव्हा समुद्र सोडा, गोडं पाणी धरा. आपल्याकडे स्थिर पाणी आहे ते धरणांच्या फुगवट्यात.

सानपाडा_लोकल

तंतोतंत पाण्यावरचीच खोली हवी असेल तर नेरळचं सगुणा बाग बघा. कृषी पर्यटन केंद्र आहे, तळ्यावर बांधलेलं 'पाँड हाऊस' आहे. ओसरीवर बसलात की खाली मासे फिरताना दिसतात. ऐषआरामी म्हणता येणार नाही, साधी स्वच्छ खोली आणि घरचं जेवण. पण पर्यावरणाची अट इथे पाटीवरची नाही. नांगरणी न करता भात घेण्याचं 'सगुणा राईस तंत्र' इथल्याच चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलं. शेतात फिरवून नीट समजावून सांगतात.

गाडीही नको. आम्ही नवी मुंबईवाले ठाण्याला येऊन कर्जत लोकल पकडतो, तुम्हाला तर ठाण्यातूनच थेट. शनिवार-रविवारी कुटुंबं, शाळेच्या सहली असतात, त्यामुळे दोघांनाच निवांतपणा हवा असेल तर मधल्या वारी जा.

घाटवाट

सगुणा बागेला +१, पण या वेळी मी भंडारदऱ्याचं नाव पुढे करेन. सविस्तर लिहितो, कारण ही जागा लोक घाईत उरकतात.

प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं. मागचा तलाव आर्थर लेक. एमटीडीसीचं (राज्याच्या पर्यटन महामंडळाचं) निवासस्थान शेंडी गावात तलावाकाठीच आहे. खोल्या साध्या, जागा मात्र दुसऱ्या कुणाकडे नाही अशी. बुकिंग करताना तलावाकडे तोंड असलेलीच खोली मागा आणि तसं लेखी घ्या. जरा जास्त सोयी हव्या असतील तर खासगी रिसॉर्टही आहेत. मुरशेत, रतनवाडीच्या बाजूला गावातल्या लोकांनी चालवलेले तंबू आहेत. ते पाण्याच्या सगळ्यात जवळ, पण संडास-बाथरूम सामाईक असतात. वाढदिवसाला ते चालेल का ते तुमचं तुम्ही ठरवा.

आता पाण्याबद्दल. धरणाची पातळी वर्षभर सारखी नसते आणि हीच गोष्ट बुकिंगच्या फोटोंत कळत नाही. पावसाळ्यानंतर तलाव काठोकाठ असतो. पुढे शेतीसाठी आवर्तनं (ठराविक काळाने सोडलेलं कालव्याचं पाणी) सुटतात तसतसा उतरतो आणि मे महिन्यात 'तलावाकाठचा' तंबू पाण्यापासून लांब, भेगाळलेल्या मातीवर उभा असतो. फोटो सगळे ऑक्टोबरातले. म्हणून कुठल्याही धरणाकाठी फोन कराल तेव्हा पहिला प्रश्न हा: आम्ही येऊ त्या आठवड्यात पाणी खोलीपासून किती पावलांवर असेल? गावातला माणूस बरोबर सांगतो. तुमचा नोव्हेंबर त्या हिशेबाने उत्तम आहे.

करायचं काय? फार काही करू नका. सकाळी शेंडीहून होडीने रतनवाडीला जा. अमृतेश्वराचं दगडी देऊळ आहे, त्याच्या भिंतीवरचं कोरीवकाम सकाळच्या तिरप्या उन्हात बघा, उन्हं चढली की बारकावे हरवतात. रतनगड पाठीशी उभा. दुपारी एखाद्या महादेव कोळी कुटुंबाकडे आधी सांगून जेवण करून घ्या. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, आणि मिळाला तर तलावातला मासा. पैसे थेट त्या घरात जातात. तुमच्या अटीच्या दृष्टीने मला हे सोलर पॅनलइतकंच महत्त्वाचं वाटतं.

रस्ता: जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. आमणे भिवंडीजवळ आहे. कसारा घाटात अडकण्याचा प्रश्न त्यामुळे बराच सुटला. इगतपुरीहून घोटी, तिथून भंडारदरा. ठाण्याहून साधारण दीडशे किलोमीटर धरा.

मुळशीची_लेक

मुळशीचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. पौडच्या पुढे तलावावर नजर असलेले बरेच रिसॉर्ट आहेत, चांगल्यापैकी ऐषआरामी. आत्मंतनचं नाव ऐकलं असेल, पण ते मुळात आरोग्य-उपचारांचं ठिकाण आहे, दोन रात्रींच्या वाढदिवसासाठी जाऊ नका. बहुतेक जागा डोंगरउतारावर आहेत. म्हणजे पाणी खाली दिसतं, पायाशी नसतं.

एक विनंती आहे. जाल तेव्हा या तलावाची गोष्ट माहीत असू द्या. हे धरण टाटांनी वीजनिर्मितीसाठी बांधलं, पाणी सह्याद्रीच्या पश्चिमेला भिऱ्याच्या वीजगृहात उतरतं आणि पुढे कुंडलिका नदीत जातं. त्याविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. गावं शेवटी पाण्याखाली गेलीच. आमच्या आजोळची माणसं अजून बोट दाखवून सांगतात, अमक्याचं शेत तिथे होतं. तिथे मोठ्याने गाणी लावून धिंगाणा चाललेला पाहिला की पोटात तुटतं.

पाणकोंबडी

'इको'बद्दल धागाकर्तीने लिहिलं ते वाचून फार बरं वाटलं. एका धरणाकाठच्या 'इको रिसॉर्ट'ला आम्ही राहिलो, नाव लिहीत नाही. खोलीत बांबूची सजावट, गवताचं छप्पर, सगळं छान. रात्रभर डिझेल जनरेटर धडधडत होता. सकाळी स्वयंपाकघरामागे गेले तर भांडी धुतलेलं साबणाचं पाणी पाटातून सरळ तलावात चाललं होतं. तिथल्या मुलाला विचारलं तर म्हणाला, "ताई, पहिल्यापासून असंच आहे."

तेव्हापासून फोनवर मी हे विचारते. संडासाचं आणि स्वयंपाकघरातलं सांडपाणी कुठे जातं? प्रक्रिया केंद्र आहे की नुसता शोषखड्डा, आणि तो पाण्यापासून किती लांब? खोलीत प्लास्टिकच्या बाटल्या ठेवता की भरून घेण्याची सोय आहे? रात्री दहानंतर आवाज बंद असतो का? काम करणारी माणसं कुठल्या गावची? ज्यांच्याकडे उत्तरं असतात ते आनंदाने सांगतात, कधी कधी अर्धा तास सांगतात. ज्यांच्याकडे नसतात ते लगेच दरावर येतात.

आणि खोली धरणाच्या पाण्यात किंवा अगदी काठावर बांधलेली दिसली तर परवानगीची चौकशी जरूर करा. धरणासाठी संपादन झालेली जमीन जलसंपदा खात्याची असते. केरळात वेंबनाड सरोवरातल्या बेटावर ५४ आलिशान व्हिलांचा एक रिसॉर्ट उभा राहिला होता. किनारपट्टी नियमांच्या उल्लंघनावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, २०२० मध्ये पाडण्याचा आदेश कायम झाला आणि पुढे ते सगळे व्हिला खरोखर पाडले. पण मच्छीमारांच्या वाटेत ते बांधकाम इतकी वर्षं उभं राहिलं, त्याचं काय?

सानपाडा_लोकल

पाणकोंबडीताई, हे प्रश्न उतरवून घेतले.

वाशी_ते_वेंगुर्ला

जास्त दिवस मिळाले तर तारकर्लीला जा. कर्ली नदीत एमटीडीसीची हाऊसबोट असते, ती चालू आहे का एवढं मात्र आधी विचारा. नदीच्या मुखाजवळ भरती-ओहोटीचा ताल अंथरुणात पडल्यापडल्या जाणवतो. कोकणकन्या ठाणे आणि पनवेल दोन्हीकडे थांबते, कुडाळला उतरायचं. पण दोन रात्रींत नको, एक रात्र गाडीतच जाईल.

तापोळ्याचंही तेच. कोयनेचा शिवसागर बघताना भान हरपतं, पण महाबळेश्वरच्या पुढे अजून पंचवीसेक किलोमीटर घाट उतरायचा. तीन रात्री असतील तरच.

खरोखरचं लगून आपल्या देशात हवं असेल तर लक्षद्वीप. सुहेली आणि कदमत बेटांवर ताजने २०२३ च्या जानेवारीत रिसॉर्ट जाहीर केले आहेत. तिथे जायला प्रवेश परवाना लागतो आणि विमान अगत्तीला उतरतं. नवऱ्याचं मालदीवचं स्वप्न पुढेमागे तिथे पुरं करा.

खाडीकाठची

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! रात्री स्वयंपाक आवरल्यावर दोघांनी मिळून सगळा धागा वाचला. मुळशीचा इतिहास मला अर्धवट माहीत होता, सेनापती बापटांचं नाव शाळेत घोकलेलं, पण तलावाकडे बघताना कधी डोक्यात आलं नव्हतं. धन्यवाद, मुळशीची_लेक.

भंडारदरा नक्की करतोय. आज दोन ठिकाणी फोन केले. एकाला सांडपाण्याचं विचारलं तर त्यांनी खोल्यांचे दर पाठवले. दुसऱ्या काकांनी शोषखड्डा कुठे आहे, पाणी आता कुठवर आहे, सगळं सांगितलं आणि वर म्हणाले, "बाई, पौर्णिमा धरून या, तलाव तेव्हाच बघावा." तिथेच बुकिंग करतेय. सगुणा बाग नाताळच्या सुट्टीत, लेकीला आणि सासूबाईंना घेऊन.

घाटवाटदादा, शुक्रवारी ऑफिस करून निघालो तर रात्री पोचायला फार उशीर होईल का? आणि काजवे नोव्हेंबरात दिसतात का?

घाटवाट

काजवे नाहीत, ते मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला, पाऊस तोंडावर असताना. त्यासाठी वेगळं या, शक्यतो मधल्या वारी. शनिवार-रविवारच्या गाड्यांच्या दिव्यांनी काजव्यांना फार त्रास होतो.

शुक्रवारी अर्धी रजा टाकता आली तर टाका. घोटीच्या पुढचा रस्ता अंधारात अनोळखी माणसाला जड जातो, वळणं आहेत आणि मध्येच गुरं बसलेली असतात. दिवसाउजेडी शेंडीला पोचलात तर सूर्यास्तही मिळेल. नोव्हेंबरात रात्री चांगली थंडी पडते, शाल-स्वेटर दोघांचेही घ्या. होडीत लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नका, नावाडी नको म्हणाला तरी. पोहायला तलावात उतरू नका, काठ एकदम खोल होतो.

रविवारी जेवण करून लगेच निघा. आमणेपर्यंत गाडी सुसाट येते, पण संध्याकाळी भिवंडी ते माजिवडा तुंबतं. चारच्या आत तिथून सुटलात तर लेकीला झोपायच्या आधी भेटाल.