एकाच मूल्याची पुनरावृत्ती मर्यादित असलेले ॲरे कसे मोजावेत?

प्रश्न (ऐरोली, नवी मुंबई)
सोसायटीच्या रात्रपाळ्यांसाठी लिहीत असलेल्या प्रोग्रॅममध्ये एक मोजणी हवी आहे. ॲरेची (मूल्यांच्या क्रमवार यादीची) लांबी एन म्हणजे रात्री, त्यातील १ ते एम ही मूल्ये म्हणजे सुरक्षारक्षकांचे क्रमांक, आणि कोणतेही मूल्य के वेळांपेक्षा जास्त येता कामा नये. ४ रात्री, ३ रक्षक आणि प्रत्येकी जास्तीत जास्त २ पाळ्या धरल्या, तर सर्व ८१ ॲरे तपासून ५४ हे उत्तर मिळते. परंतु महिनाभराच्या रात्री घेतल्या की अशी तपासणी आवाक्याबाहेर जाते. एकेक रात्र भरत गेल्यास प्रत्येक रक्षकाच्या झालेल्या पाळ्या लक्षात ठेवाव्या लागतात. याहून सुटसुटीत रीत आहे का?

उत्तर (कोपरी, ठाणे)
रात्रींच्या क्रमाने न जाता रक्षकांच्या क्रमाने जावे, म्हणजे फक्त किती रात्री भरल्या एवढेच लक्षात ठेवावे लागते. पी रात्री भरताना नवा रक्षक त्यांतील टी रात्री घेणार असेल, तर पी मधून टी निवडण्याचे प्रकार गुणिले उरलेल्या रात्री आधीच्या रक्षकांनी भरण्याचे प्रकार, असा गुणाकार करून टी शून्यापासून के पर्यंत नेत बेरीज करावी. आपल्याच उदाहरणात पहिले दोन रक्षक २, ३ आणि ४ रात्री अनुक्रमे ४, ६ आणि ६ प्रकारे भरतात. तिसऱ्याने एकही रात्र घेतली नाही तर ६, एक घेतली तर ४ × ६ = २४, दोन घेतल्या तर ६ × ४ = २४; बेरीज ५४. एकूण काम साधारण एन × एम × के एवढेच होते.

उत्तर (वाशी)
पडताळा घ्यायचा तर भास्कराचार्यांच्या लीलावतीतील (इ.स. ११५०) अंकपाशाची रीत येथे चपखल बसते: सारख्या अंकांमुळे होणारी पुनर्गणना भागाकाराने काढून टाकायची. चार वेगवेगळ्या अंकांचे क्रम ४ × ३ × २ × १ = २४ होतात आणि दोन पाळ्यांचे रक्षक निवडण्याचे प्रकार ३; म्हणून एकाच रक्षकाच्या दोन पाळ्या असल्यास ३ × २४ ÷ २ = ३६, दोघांच्या प्रत्येकी दोन असल्यास ३ × २४ ÷ ४ = १८; बेरीज तीच.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. लागोपाठ दोन रात्री एकच रक्षक नको, अशी अटही सभासदांनी घातली, तर?

उत्तर (कोपरी, ठाणे)
ती अट एकटी असेल तर रात्रींच्या क्रमानेच जावे, कारण तेथे फक्त आदल्या रात्रीचा रक्षक पाहावा लागतो: ४ रात्रींसाठी ३ × २ × २ × २ = २४, आणि त्यांत कोणाच्याही २ पेक्षा जास्त पाळ्या येऊच शकत नाहीत. ५ रात्रींना मात्र पहिली, तिसरी आणि पाचवी रात्र एकाच रक्षकाकडे जाऊ शकते, म्हणून ४८ मधून असे १२ ॲरे वगळून ३६ उरतात.