दंतकथेतूनच भूतकाळ कळतो

मुलांना स्पॅनिश शिकवताना आधी व्याकरण पक्कं करा, दंतकथा नंतर, असं काहीजण म्हणतात. मला हे मुळीच पटत नाही. स्पॅनिशचे दोन भूतकाळ गोष्टीशिवाय समजतच नाहीत.

मेक्सिकोतली पोपोकातेपेत्ल आणि इस्तासिवात्ल या दोन ज्वालामुखींची कथा घ्या. राजकन्या इस्ता योद्धा पोपोची वाट बघत असे (स्पॅनिशमध्ये 'एस्पेराबा'). एक दिवस तो मेल्याची खोटी बातमी आली (येगो) आणि ती दुःखाने मेली (मुरियो). परतलेल्या पोपोने तिला डोंगरावर निजवलं आणि मशाल घेऊन तो तिच्यापाशी थांबला. पोपोकातेपेत्लमधून आजही धूर निघतो, आणि शेजारच्या डोंगराची कड खरंच झोपलेल्या बाईसारखी दिसते. वर्गात फोटो जरूर दाखवा.

'बघत असे' आणि 'आली' यांतला फरक मराठी मुलाच्या कानाला आधीच ठाऊक असतो! मग तक्ते पाठ कशाला करायला लावायचे? चालू असलेलं एकीकडे, घडून गेलेलं दुसरीकडे, एवढं कथेतच दाखवा.

ज्वालामुखींची ही नावं मुळात नावात्ल या मेक्सिकोतल्या जुन्या स्थानिक भाषेतली, हेही सांगा. 'टोमॅटो' आणि 'चॉकलेट' हे शब्दही तिथूनच स्पॅनिशमार्गे जगभर गेले.

आपलं 'आटपाट नगर होतं' तसं त्यांचं 'एरासे उना वेस', आणि 'सुफळ संपूर्ण'च्या जागी 'कोलोरीन कोलोरादो, एस्ते क्वेंतो से आ आकाबादो'. पहिल्याच तासाला ही दोन वाक्यं द्या. फक्त योरोना या मेक्सिकोतल्या भुताची कथा लहान मुलांना नको. पोटची मुलं बुडवून रडत फिरणारी आई त्यांना फार घाबरवते.