‘कळतं पण वळत नाही’ : आजार, की आळसाला मिळालेलं शास्त्रीय नाव?

उघडे टॅब

वयाच्या ४१व्या वर्षी मला एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड करणारा विकार) असल्याचं निदान झालं, त्याला आता दोन वर्षं होतील. मागच्या आठवड्यात एका जुन्या मैत्रिणीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं, हे हल्ली सगळ्यांनाच असतं." मी हसून विषय बदलला. पण ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून इथे लिहितेय.

मी वेंधळी आहे हे मला कधीपासूनच ठाऊक होतं. पण एडीएचडी म्हटलं की वर्गभर उड्या मारणारा जो मुलगा डोळ्यांपुढे येतो, तसली मी नव्हते. शेवटून दुसऱ्या बाकावर, खिडकीशी, गप्प. मार्क बरे पडायचे म्हणून कुणाला काही वाटलंही नाही. प्रगतिपुस्तकातला शेरा मात्र दरवर्षी तोच, फक्त अक्षर बदलायचं: हुशार आहे, पण लक्ष थाऱ्यावर नसतं.

मोठेपणी हे कसं दिसतं, ते सांगते. एका मेलला दोन ओळींचं उत्तर द्यायचं होतं. ‘फाइल मिळाली. सोमवारी तपासून पाठवते.’ बस. काय लिहायचं ते मेल वाचतानाच ठरलं होतं. तो मेल ११ दिवस तसाच उघडा राहिला. रोज दोन-तीनदा समोर यायचा, पोटात गोळा यायचा आणि मी दुसरंच काहीतरी करायला घ्यायचे. बाराव्या दिवशी समोरच्या बाईंचा फोन आला आणि त्यांच्याशी बोलता बोलता मी अर्ध्या मिनिटात उत्तर टाकलं. आळशी माणूस ते ११ दिवस मजेत काढतो. माझी त्या दिवसांतली झोप उडाली होती.

आणि त्याच आठवड्यात, कुणीही न मागितलेलं एक कोष्टक मी सलग सहा तास बसून केलं. पाणी प्यायलाही उठले नाही.

‘कळतं पण वळत नाही’ हा आपल्याकडे टोमणा आहे. मला ते माझं अचूक वर्णन वाटतं. कळण्यात काही खोट नाही, घोळ आहे तो कळणं आणि वळणं यांच्या मधल्या जागेत. निदान झाल्यापासून मी ‘उद्यापासून सुधारते’च्या प्रतिज्ञा बंद केल्या आणि त्या मधल्या जागेत काय काय रचून ठेवता येईल ते बघायला लागले. औषध घेते, पण मोठा फरक या रचनेने पडला. ज्यांना हे सगळं थोतांड वाटतं त्यांनीही लिहा.

खडूफळा

लिहा म्हणालात म्हणून लिहितो. मी २६ वर्षं शिकवलं. ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ हा शेरा मी स्वतः शेकडो प्रगतिपुस्तकांत लिहिला असेल. खरं सांगू का? दीडशे प्रगतिपुस्तकं एका रात्रीत भरायची असली की हात आपोआप तेच लिहितो. त्यातल्या बहुतेक मुलांचं पुढे उत्तम चाललं आहे. तेव्हा तो शेरा पुरावा म्हणून कृपया वापरू नका.

आता व्याख्येकडे बघा. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या डीएसएम नावाच्या नियमावलीत १९८० साली ‘अटेन्शन डेफिसिट डिसऑर्डर’ हे नाव आलं. १९८७ साली नाव बदलून एडीएचडी झालं. लक्षणं वयाच्या सातव्या वर्षाआधी दिसायला हवीत, अशी अट होती. २०१३ साली ती बाराव्या वर्षावर नेली, आणि १७ वर्षांपुढच्यांसाठी नवातली सहा लक्षणं हवीत ती पाचावर आणली. गाळणीची भोकं मोठी केली की खाली जास्त पडणारच. मग ‘रुग्ण वाढले हो’ म्हणून ओरडायचं कशाला?

औषधाचंही तेच. ‘गोळी घेतली आणि लक्ष लागायला लागलं, म्हणजे आजार होताच’ असं लोक सर्रास म्हणतात. १९७८ साली ज्युडिथ रॅपोपोर्ट या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी काहीही दुखणं नसलेल्या मुलांना ॲम्फेटामिन, म्हणजे एडीएचडीवर देतात तसलंच उत्तेजक औषध, देऊन पाहिलं (आज अशा प्रयोगाला परवानगी मिळेल का, देव जाणे). त्यांचीही चळवळ कमी झाली, त्यांचंही लक्ष सुधारलं.

हातातल्या फोनवर मिनिटामिनिटाला काहीतरी टुणकन वाजत असताना लक्ष लागत नाही, यात मेंदूचा काय दोष?

घोरासुर

दोन्ही बाजूंना एक भर. जागतिक आरोग्य संघटनेची एक प्रश्नावली आहे, १८ प्रश्नांची. त्यातले पहिले सहा चाळणीचे. मी ते सहा एका रात्री भरले आणि जवळजवळ सगळ्यांत ‘वारंवार’ आलं. विसरणं, अर्धवट सोडणं, मीटिंगमध्ये हरवणं. मला खात्रीच पटली.

डॉक्टरांनी मला काही विचारण्याआधी बायकोला विचारलं, "हे घोरतात का?" ती जे हसली! झोपेची तपासणी केली, तर रात्रभर माझा श्वास मधे मधे थांबत होता. मास्कचं मशीन लावून झोपायला लागलो आणि दोन महिन्यांत डोक्यातलं धुकं बरंच विरलं. मला एडीएचडी नव्हता. पण त्या प्रश्नावलीमुळेच डॉक्टरांकडे गेलो, हेही खरं.

उघडे टॅब

@खडूफळा सर, शेऱ्याचा मुद्दा मान्य. तपासणीत आईलाही बोलावलं होतं, तिने जे सांगितलं ते शेऱ्यापेक्षा वजनदार होतं. दुसरीत मी एकदा दप्तर न घेताच शाळेत पोचले होते. औषधाचा मुद्दाही मान्य, गोळी लागू पडणं ही निदानाची कसोटी नाहीच.

पण तुम्ही अर्धीच गाळणी दाखवलीत. पाच लक्षणं मोजली की काम झालं, असं नसतं. ती किमान सहा महिने टिकलेली हवीत, घर आणि काम अशा निदान दोन ठिकाणी दिसायला हवीत, आणि त्यांनी आयुष्यात खरोखर अडथळा आलेला हवा. शिवाय दुसऱ्या आजाराने ती जास्त नीट समजत असतील, तर निदान बाद. घोरासुर यांचं झालं तसं.

फोनबद्दल म्हणाल, तर मी दुसरीत असताना घरात साधा लँडलाइनही नव्हता. आणि अलेक्झांडर क्रिक्टन या स्कॉटिश डॉक्टरने लक्ष न टिकण्याच्या विकाराचं वर्णन १७९८ साली लिहून ठेवलंय. त्याच्या रुग्णांना नोटिफिकेशन्स कोण पाठवत होतं?

खडूफळा

क्रिक्टन मस्त काढलात. मग माझ्याकडून न्यूझीलंडमधलं डनेडिन घ्या. १९७२-७३ साली जन्मलेली हजारावर मुलं संशोधकांनी ३८व्या वर्षापर्यंत तपासत नेली. ३८व्या वर्षी ज्यांच्यात एडीएचडीची लक्षणं भरली, त्यांतल्या सुमारे ९० टक्क्यांना लहानपणी तो नव्हताच! २०१५ साली छापून आलंय. आठवून सांगितलेलं बालपण किती भरवशाचं असतं, ते यावरून बघा. तुमच्या मातोश्रींचा पूर्ण आदर राखून.

आठवणवही

सर इतिहास-भूगोल मांडताहेत, मी घरातलं मांडते. माझ्या नवऱ्याला तीन वर्षांपूर्वी निदान झालं. तपासणी रीतसर झाली, शंकेला जागा नाही. त्याला आजार आहे हे मला मान्य आहे. पण निदान झाल्यापासून विसरणं हे त्याचं लक्षण आणि लक्षात ठेवणं हे माझं काम, अशी वाटणी होऊन बसली आहे.

मशीन तो लावतो. हौसेने लावतो. कपडे आत राहतात. दुसऱ्या दिवशी वास येतो म्हणून तेच पुन्हा धुवायचे. मागच्या महिन्यात एक चादर तीनदा धुतली गेली, वापरली एकदाही नाही. मी काही बोलले की उत्तर तयार असतं: "तुला माहितीये ना माझा मेंदू कसा आहे." पूर्वी निदान ‘सॉरी’ तरी म्हणायचा.

ताई, तुमच्या मैत्रिणीचं वाक्य चुकीचं होतं, पण तुमचा धागा वाचताना मला सारखं वाटत होतं, त्या ११ दिवसांत पलीकडे वाट बघणाऱ्या बाईंचं काय?

क्लिनिकबाहेर

मी समुपदेशनाच्या क्षेत्रात आहे, म्हणून थोडं. डनेडिनचा आकडा बरोबर आहे. पण २०१८ साली अमेरिकेतल्या मार्गरेट सिब्ली आणि सहकाऱ्यांनी, मोठेपणीच लक्षणं सुरू झाली असं वाटणाऱ्यांची बारकाईने छाननी केली, तेव्हा बहुतेकांच्या बाबतीत व्यसन, दुसरा मानसिक आजार किंवा नेहमीचीच धांदल हे कारण निघालं. म्हणजे सर, त्यातून ‘एडीएचडी खोटा’ निघत नाही. निघतं ते हे, की मोठेपणी अचानक उगवला तर आधी दुसरीकडे शोधा. झोप, थायरॉइड, नैराश्य, चिंता, दारू. उलट जुळ्यांच्या अभ्यासांत याचा आनुवंशिक वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या घरात दिसतो, मानसिक विकारांत हा बराच वरचा आकडा आहे.

गोळ्यांबद्दल एवढंच, की उत्तेजक प्रकारच्या औषधांनी नाडी आणि रक्तदाब वाढू शकतो, म्हणून दुसऱ्याच्या डबीतली कधीही घेऊ नये. परीक्षेच्या आदल्या रात्री तर नाहीच.

@आठवणवही, तुमचा मुद्दा इथे सगळ्यात खरा आहे आणि औषध तिथवर पोचत नाही. २०१० साली स्टीव्हन सॅफ्रन यांच्या गटाने, औषध चालू असूनही त्रास उरलेल्या ८६ प्रौढांवर चाचणी घेतली. निम्म्यांना वर्तनोपचार (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारा उपचार) आणि निम्म्यांना शिथिलीकरण, म्हणजे शरीर-मन सैल सोडण्याचा सराव. पहिल्या गटाला फायदा जास्त झाला. त्यातलं एक तंत्र सांगते. कंटाळवाणं काम घेऊन बसायचं आणि आपलं लक्ष किती मिनिटं टिकतं ते घड्याळ लावून मोजायचं. समजा १२ मिनिटं निघाली, तर कामाचे तुकडे १२ मिनिटांचे करायचे. मधे जे आठवेल ते (हमखास काहीतरी ‘अत्यंत तातडीचं’ आठवतं) शेजारच्या कागदावर टिपायचं, उठायचं नाही. घड्याळ वाजलं की कागद बघायचा. तातडीच्या दहा गोष्टींतल्या आठ तोवर शिळ्या झालेल्या असतात.

खडूफळा

कागदाची युक्ती मी वर्गात वापरायचो, तीही कुठलंही निदान न करता. ती सर्वांनाच लागू पडते, हाच तर माझा मुद्दा.

उघडे टॅब

सर, लागू सर्वांनाच पडते. माझं तिच्याशिवाय चालत नाही.

@आठवणवही, तुमचा प्रश्न दिवसभर टोचत होता. त्या बाईंची मी माफी मागितली होती, आजाराचं नाव न काढता. तुमच्या नवऱ्याची ओळ मीही वापरली आहे. पहिलं वर्षभर तर ढालीसारखी.

आमच्या घरी काय झालं ते सांगते. नवरा माझी चालतीबोलती डायरी होता आणि दोघंही वैतागलो होतो. मग ठरलं की त्याने आठवण करून देणं पूर्ण बंद करायचं. पहिले दोन महिने फार वाईट गेले, विम्याचा हप्ता चुकला, दोन वाढदिवस चुकले. त्या मोडतोडीतूनच कळलं की कुठे कुठे टेकू लागतो. हप्ते खात्यातून आपोआप जायला लावले. किल्ल्या दाराच्या आतल्या कडीलाच अडकवते, म्हणजे त्या काढल्याशिवाय कडीच उघडत नाही. मशीन लावलं की चावीचं टायमर-घड्याळ गळ्यात घालते. फोनचा गजर मी न बघता बंद करते, गळ्यात टर्रर्र वाजलं की उठावंच लागतं. विनोदी दिसतं, मुलं हसतात. आणि रविवारी २० मिनिटं आम्ही दोघं समोरासमोर बसून आठवड्याची यादी करतो. यादी माझ्या अक्षरात. त्याने फक्त बसायचं, सुचवायचं नाही. कुणी नुसतं शेजारी बसलं तरी मला काम सुरू करता येतं, का ते विचारू नका.

टेकू ज्याचा त्याने शोधायचा, हे मात्र पक्कं. तुम्ही आणून दिलेलं घड्याळ तो एक आठवडा घालेल.

आठवणवही

घड्याळ विकत आणायच्या बेतातच होते, आता नाही आणत. हे त्याला वाचायला दिलंय. "रविवारी बसू" म्हणाला, बघू कोणत्या रविवारी.

मशीनमध्ये काल सकाळचे कपडे आहेत. त्याचा उद्याचा ऑफिसचा शर्टही त्यातच आहे. मी काढणार नाहीये.